ढेकणाचं खातं

मुळशी तालुका म्हटला की प्रत्येकाला आपापल्या परीने काहीतरी आठवतं. इतिहासाची आवड असलेल्यांना १९२१ सालचा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात. जेवणाची आवड असलेल्यांना मावळातला आंबेमोहोर आठवतो. तरुण मंडळींना २०१८ साली आलेला 'मुळशी पॅटर्न' नावाचा सिनेमा आठवतो. आणि संगणकाच्या क्षेत्रातल्या मंडळींना काहीच आठवत नाही, कारण आपण रोज ज्या हिंजवडीच्या रहदारीत अडकून पडतो ती मुळशी तालुक्यात येते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मला स्वतःला मुळशी म्हटलं की ढेकूण आठवतो.

यात तालुक्याचा अपमान करण्याचा हेतू नाही. ढेकूण ही काही मुळशीची मिरासदारी नव्हे. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्याने देश एकसंध ठेवला आहे. पण माझी आणि त्याची पहिली भेट पौडच्या अलीकडच्या एका खेड्यात, माझ्या आजोळी, रात्री दोनच्या सुमारास झाली, आणि अशा वेळी झालेली ओळख माणूस सहसा विसरत नाही. पुढे वसतिगृहं, लॉजं, धर्मशाळा, एस.टी.ची बाकं आणि सिनेमाच्या खुर्च्या अशा ठिकाणी ती ओळख वाढत गेली. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. या वयात कुणी घराण्याची वंशावळ शोधतो, कुणी किल्ल्यांची टिपणं काढतो. मी सरकार आणि ढेकूण यांच्या संबंधांचा इतिहास जमवतो आहे. घराण्याचाच म्हणाल, तर आमचं रक्त कुठे कुठे गेलं याचाच हा शोध आहे.

ढेकणाविरुद्धची पहिली सरकारी मोहीम पंचतंत्रात नमूद आहे. राजाच्या पलंगात मंदविसर्पिणी नावाची एक ऊ सुखाने नांदत असते. राजा गाढ झोपला की हळूच भोजन उरकायचं, हा तिचा शिरस्ता. एक दिवस अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो आणि राजाचा डोळा लागायच्या आतच ताव मारतो. राजा ओरडत उठतो. नोकरचाकर धावतात. अग्निमुख फटीत पसार होतो आणि शोधाशोधीत सापडते ती बिचारी ऊ. तिला तिथल्या तिथे देहान्त शासन होतं. पंचतंत्रकार यातून, ज्याचं शील ठाऊक नाही त्याला आसरा देऊ नये, असा बोध काढतात. मी सरकारी नोकरीत एकोणतीस वर्षं काढल्यामुळे मला त्यात निराळंच दिसतं. तक्रार वरून आली, यंत्रणा तातडीने हलली, एक आरोपी हाती लागला, प्रकरण बंद झालं आणि ढेकूण फटीतच राहिला. नंतरच्या शतकांत या कार्यपद्धतीत फारसा फरक पडलेला नाही.

संस्कृतातल्या एका सुभाषितकाराला तर असा दाट संशय आहे की लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात जाऊन झोपतो तो केवळ ढेकणांच्या धास्तीने. म्हणजे देवांनासुद्धा घर सोडून जाण्यापलीकडे उपाय सुचला नाही. तुकोबांनी ढेकणाच्या संगतीने हिरा भंगल्याचा दाखला दिला आहे. आमच्या घरात दोहोंपैकी एकाचाच साठा असल्यामुळे हा प्रयोग करून पाहता आला नाही.

इंग्रज आला तो कायदा घेऊन आला. १८६७ साली त्याने सरायांचा कायदा केला. वाटसरूंना उतरायला जागा देणाऱ्याने आपली सराई सरकारात नोंदवावी, खोल्या, पडव्या आणि गटारं मॅजिस्ट्रेटचं समाधान होईल अशी साफ ठेवावीत, भाड्याचे दर लावावेत, वगैरे. कसूर झाल्यास वीस रुपयांपर्यंत दंड. कायदा चांगला होता. अडचण एवढीच की मॅजिस्ट्रेटसाहेब स्वतः डाकबंगल्यात उतरत, त्यामुळे सराईबद्दल त्यांचं समाधान लवकर होत असावं. ढेकणाचं नाव कायद्यात कुठेही नव्हतं. लॉजच्या रजिस्टरात तेव्हापासून ही परंपराच पडली आहे. आपण रात्री अकराला बॅग घेऊन उभे असतो आणि मॅनेजर विचारतो, नाव काय, कुठून आलात, कुठे जाणार, कामाचं स्वरूप काय. एका रात्रीच्या मुक्कामाला एवढी चौकशी. आणि त्याच खोलीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची कुठे एका ओळीची नोंद नाही.

सरकारने माणसाच्या अंथरुणाला प्रत्यक्ष हात घातला तो प्लेगात. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला आणि लवकरच पुण्यात आला. रँडसाहेबाच्या हुकमतीखाली गोरे सोल्जर घरोघर शिरले, सामानसुमान रस्त्यावर आलं, कपडे-अंथरुणं जाळली गेली, भिंतींना चुना लागला. या धामधुमीत पुण्यातले पुष्कळ ढेकूणही जळाले असणार. पण त्याचं सुख कुणाला झालं नाही. ज्या सरकारला आमचं अंथरूण दिसतं पण त्यावर निजलेलं आजारी माणूस दिसत नाही, त्याने आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नये, असं लोकांचं मत झालं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी त्या मताला आवाज दिला. पुढच्याच वर्षी कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की प्लेग पसरतो तो उंदरावरच्या पिसवांमुळे. म्हणजे सरकार अंथरुणं जाळत होतं आणि गुन्हेगार उंदराच्या पाठीवर बसून हे बघत होता. मंदविसर्पिणीचीच गोष्ट, फक्त या खेपेला माणसं फार मेली.

यानंतर ढेकणावर एकदा रीतसर खटलाही चालला. १९०७ च्या सुमारास मद्रासेत पॅटन नावाच्या डॉक्टरने असा आरोप ठेवला की काळा आजार ढेकणामुळे पसरतो. रोगाचे जंतू ढेकणाच्या पोटात वाढताना त्याला दिसले होते. पुरावा वरवर पाहता भक्कम होता. हा खटला तब्बल पस्तीस वर्षं चालला. आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांच्या मानाने लवकरच आटोपला म्हणायचा. १९४२ साली आसामात स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी खरा गुन्हेगार वाळूमाशी असल्याचं सिद्ध केलं आणि ढेकूण निर्दोष सुटला. तेव्हापासून आजतागायत, तो चावल्याने माणसाला अमुक रोग होतो, असं कुणाला ठामपणे सिद्ध करता आलेलं नाही.

ढेकणाचं सगळं भाग्य या एका निकालात आहे. सरकार रोगाला घाबरतं, खाजेला घाबरत नाही. डासासाठी हिवतापाचं खातं आहे. उंदराचं प्लेगवाल्यांशी आणि शेतीखात्याशी जुनं नातं आहे. पिसाळलेला कुत्रा नगरपालिकेकडे जातो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पिकदाण्यांवरसुद्धा स्वतंत्र कलम होतं. ढेकणाचं खातं कोणतं? तो ताप आणत नाही, पीक खात नाही, गुरं मारत नाही. तो खातो फक्त झोप. आणि झोपेचं खातं सरकारात नाही. (झोपेची खाती पुष्कळ आहेत असं कुणी म्हणेल, पण तो विषय निराळा.)

विलायतेतल्या सरकारने मात्र ही झोपेची गोष्ट मनावर घेतली होती. १९३० नंतर तिकडे जुन्या गलिच्छ वस्त्या पाडून माणसं नगरपालिकेच्या नव्या घरांत हलवायला सुरुवात झाली. बरोबर ढेकूण येऊ नयेत म्हणून पुष्कळ ठिकाणी बिऱ्हाडाचं सामान आधी एका बंद गाडीत भरून त्याला सायनाइडच्या विषारी वायूची धुरी देत आणि मगच नव्या घराचं दार उघडत. १९३४ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाने ढेकणावर स्वतंत्र अहवालच काढला. आमच्याकडे मुंबईत त्याच्या आधीच, १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत, बी.डी.डी.च्या चाळी उभ्या राहिल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून दोनशेंवर इमारती. खोली एकशेसाठ चौरस फुटांची. काँक्रीटचं बांधकाम म्हणजे भिंतीला भेग नाही. पण बिऱ्हाडं आली ती लाकडी खाटा, ट्रंका, देवाच्या तसबिरी आणि गावाकडच्या वाकळा घेऊन. फटींची सोय ज्याने त्याने आपापली आणली होती. उन्हाळ्यात चाळकरी गॅलरीत, गच्चीवर, फुटपाथवर पथाऱ्या टाकीत. उकाडा फार होतो, असं ते पाहुण्यांना सांगत. ते अर्धंच खरं होतं.

मग आलं डी.डी.टी.

पावडर जुनीच होती. ती किडे मारते हे १९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये पाउल म्यूलर याने शोधून काढलं आणि १९४८ साली त्याला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं, तेही वैद्यकाचं. आपल्या मुंबई इलाख्यात १९४६ च्या सुमारास डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार आणि धारवाडकडच्या खेड्यांत घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारून हिवताप असा काही खाली आणला की १९५३ साली सरकारने सगळ्या देशासाठीच हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम काढला. युक्ती साधी होती. डास माणसाला चावला की जड पोटाने जवळच्या भिंतीवर टेकतो. भिंतीला औषध असलं की तो तिथून उठत नाही. वर्षातून दोनदा, दर चौरस मीटरला एक ग्रॅम औषध बसेल अशी घरातली प्रत्येक भिंत फवारायची. या सगळ्या विचारात ढेकूण कुठेच नव्हता. पण भिंतीला तोही राहत होता.

आमच्या आजोळी 'मलेरियावाले' पहिल्यांदा आले तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. खाकी कपड्यांतली चार-पाच माणसं, बादल्या, आणि बादलीत उभा राहणारा एक पंप. एक जण त्याच्या पायटीवर पाय रोवून दांडा वर-खाली करायचा, दुसरा लांब नळी घेऊन भिंतीवर खालून वर, वरून खाली पांढरे पट्टे ओढायचा. त्याआधी सगळं घर अंगणात यायचं. आपल्या घरात एवढं सामान आहे हे आम्हाला त्याच दिवशी कळलं. आजीने दारात उभं राहून अटी घातल्या. देवघराला हात लावायचा नाही. चुलीपाशी यायचं नाही. कणग्यांवर उडता कामा नये. पाण्याच्या हंड्यांवर तिने स्वतःचं लुगडं झाकलं. मुकादम बिचारा 'व्हय आज्जी, व्हय आज्जी' म्हणत सगळ्याला मान डोलवत होता. काम झाल्यावर त्याने दाराच्या चौकटीवर रंगाने काहीतरी अक्षरं आणि तारीख काढली. आम्हा पोरांना वाटलं, आता हे घर सरकारचं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने बाजा आपटल्या. दर पंधरवड्याला आपटायच्या त्या. उन्हात बाज उभी करायची, ठाण ठाण आपटायची, पडतील ते ढेकूण पायाने चिरडायचे, उरलेल्यांसाठी सुंभाच्या गाठींवर कढत पाणी आणि सांध्यांत रॉकेलमध्ये बुडवलेलं कोंबडीचं पीस. एवढ्यावर चार रात्री बऱ्या जायच्या. त्या दिवशी मात्र बाज आपटायची गरजच नव्हती. ढेकूण जमिनीवर आपोआप पडले होते. आजीने केरसुणीने त्यांचा ढीग केला, तो सुपात भरला आणि शेजारणींना बोलावून दाखवला. शेजारणींनी आपापली सुपं आणली. अंगणात हळदीकुंकवासारखी गर्दी झाली. त्या रात्री सगळं गाव झोपलं. मामा म्हणायचा, एवढी शांतता की कुत्रीसुद्धा बावरली होती.

सरकारबद्दल इतकं प्रेम मी त्या गावात आधीही पाहिलं नाही आणि नंतरही नाही. ज्या तालुक्याने धरणासाठी भातखाचरं पाण्याखाली जाताना पाहिली, त्याच्या दाराशी सरकारी माणूस आला की लोकांच्या कपाळाला आठी पडायची. आता त्याच माणसाला गूळपाणी मिळू लागलं. हे डासांमुळे झालं असं पुण्या-मुंबईच्या अधिकाऱ्यांना वाटत असलं तर वाटो. न आलेला ताप कुणाला दिसत नाही. मेलेला ढेकूण दिसतो. आमच्या गावाच्या दृष्टीने मलेरियावाले हे ढेकूणवालेच होते, आणि हिवताप गेला तर ती वरकड प्राप्ती.

हे सुख तीन-चार वर्षं टिकलं. नंतर एका उन्हाळ्यात फवारा बसल्यावर चमत्कारिक प्रकार दिसला. ढेकूण मेले नाहीत, बाहेर आले. भर दिवसा, भिंतीवरून, जणू जत्रेला निघाले आहेत. डी.डी.टी.ने ते चवताळतात आणि फट सोडून हिंडू लागतात, हे शास्त्र मला फार उशिरा वाचायला मिळालं. कारण तसं सोपं आहे. हजारांत एखादा ढेकूण जन्मतःच असा असतो की त्याला ते विष बाधत नाही. बाकीचे नऊशे नव्याण्णव मेले की घर, बाज आणि माणसं या एकट्याची. मादी तिच्या आयुष्यात दोनशेंवर अंडी घालते. पुढची प्रजा त्याच वळणाची निघते. हवाई बेटांवर पर्ल हार्बरच्या आरमारी बराकींत हा प्रकार १९४७ सालीच दिसला होता. म्हणजे म्यूलरला नोबेल मिळण्याच्या आदल्या वर्षीच ढेकणाने त्यावर हरकत नोंदवून ठेवली होती. आपल्याकडेही टी. रामचंद्र राव (हे पुढे पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे संचालक झाले) आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९५६ साली मुंबई राज्यातल्या निर्ढावलेल्या ढेकणांवर निबंध लिहिला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५८ साली, कार्यक्रमाच्या नावातलं 'नियंत्रण' काढून 'निर्मूलन' घालण्यात आलं.

आमच्या गावापर्यंत तो निबंध आला नाही. गावाने आपलं अनुमान काढलं, की सरकारने औषधात पाणी घातलं. काहींचं म्हणणं, हे औषधच नव्हे, ढेकणांचा खुराक आहे. त्या वर्षी मुकादम आला तेव्हा आजी उंबऱ्यात बसून होती, उठली नाही.

"ढेकणं मरत न्हाईत तुज्या औषधानं," ती म्हणाली.

"आज्जी, आमी डासांचं. ढेकणं आमच्याकडं न्हाईत."

"मग ज्याच्याकडं हायती त्याला धाडून दे."

मुकादमाने वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, पण ज्याच्याकडे ढेकूण आहेत असा माणूस त्या गावात अजून पोचायचा आहे.

एकट्या आजीचं हे झालं नाही. देशभर कितीतरी खेड्यांतून लोकांनी फवारणीला दारं बंद केली, आणि त्याच्या कारणांत ढेकूण हे एक कारण असल्याचं हिवतापाच्या कामातल्या माणसांनीच लिहून ठेवलं आहे. कुणी उघड नाही म्हणे, कुणी फक्त पडवी फवारू देई. बायका दुसऱ्या दिवशी भिंती शेणामातीने सारवून घेत, की औषध खाली आणि डास वर. फवारणीवाल्यांना भिंतींचा हिशेब द्यायचा असे; त्यांनी तो दिला. चौकटीवर तारीख पडत राहिली.

आता आकडे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दर वर्षी साडेसात कोटी माणसांना हिवताप होई आणि आठ लाख मरत. १९६५ च्या सुमारास रुग्णांचा आकडा लाखाच्या आसपास आला. दुनियेत या कामाचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. मग तो पुन्हा चढू लागला आणि १९७६ साली चौसष्ट लाखांच्या वर गेला. त्याची कारणं मोठी आहेत. डासही निर्ढावले, पैसा आटला, औषध वेळेवर मिळेना, जिंकलो असं समजून माणसं काढून घेतली. या यादीत ढेकूण शेवटच्या बाकावर बसेल. पण तो यादीत आहे. त्या वर्षांत माझा मामा ऐन भातलावणीत तीन वाकळा अंगावर घेऊन दाढा वाजवत पडला होता. लावणी मामीने आणि तिच्या दोन मुलींनी केली, तीही अर्धीच. घराच्या भिंतींना सलग दोन वर्षं फवारा लागला नव्हता. ज्या किड्यावरून दार बंद झालं होतं तो मामाच्या बाजेत सुखरूप होता, तापाने फणफणलेलं रक्त त्याला चालत होतं.

जगातली इतर सरकारंही यात फारशी शहाणी ठरली आहेत असं नाही. चीनने १९५८ साली चार शत्रू जाहीर केले: उंदीर, माशी, डास आणि चिमणी. लोकांनी थाळ्या बडवून चिमण्यांना उडवत ठेवलं, त्या थकून मेल्या, आणि त्या खात असत ते किडे पिकावर तुटून पडले. तेव्हा १९६० साली चिमणीला यादीतून वगळण्यात आलं आणि रिकाम्या जागी ढेकणाची नेमणूक झाली. जगाच्या इतिहासात ढेकणाला मिळालेलं हे सर्वांत मोठं सरकारी पद; तेही बदली म्हणून मिळालं. न्यूयॉर्कने २०१० साली असा कायदा केला, की घरमालकाने नव्या भाडेकरूला गेल्या वर्षभरात घरात ढेकूण झाले होते की नाही हे लिहून द्यावं. २०२३ च्या ऑक्टोबरात, ऑलिंपिकला वर्षही उरलं नसताना, फ्रान्समध्ये एक खासदार बाई ढेकणांची कुपी घेऊन संसदेत उभ्या राहिल्या. त्या कुपीचं बूच घट्ट होतं की नाही, याची चिंता मला इथे बसून वाटत होती. पुढच्याच महिन्यात दक्षिण कोरियाच्या सरकारने ढेकणांसाठी खास यंत्रणा उभी केली. म्हणजे श्रीमंत देशांतही तो परत आला आहे. नव्या औषधांनाही सरावला, आणि माणसं विमानाने हिंडू लागल्यावर त्यालाही विमान मिळालं.

आमच्याकडचा कायदा या बाबतीत जुन्या वळणाचा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात घरमालकाने जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवावी असं म्हटलं आहे. गळकं छप्पर त्यात बसतं. ढेकूण बसत नाही; तो जागा नादुरुस्त करतच नाही, उलट असलेल्या फटींचा चांगला उपयोग करतो.

माझ्या पुतण्याचा मुलगा हिंजवडीत संगणकाची नोकरी करतो आणि तिथेच एका 'पीजी'त राहतो. पीजी म्हणजे आमच्या वेळच्या खाणावळीचं आणि लॉजचं लग्न लागून झालेलं अपत्य. एका खोलीत तीन खाटा, प्रत्येक खाटेचं भाडं निराळं, वर वायफाय. बी.डी.डी. चाळीची खोली याहून मोठी होती हे मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याने 'तेव्हा एसी कुठे होता आजोबा?' असं उत्तर दिलं. दोन महिन्यांत त्याच्या दोन्ही हातांवर ओळीने गांध्या उठल्या. मी पाहताक्षणी ओळखल्या. त्याने मोबाइलवर पाहून 'अ‍ॅलर्जी' ठरवली होती.

मग तो तक्रार घेऊन निघाला, आणि तो जिथे जिथे गेला ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. मालक म्हणाला, आधीचा मुलगा घेऊन आला. दलाल म्हणाला, करारात पाणी आणि वीज आहे, हे नाही. एका कार्यालयात म्हणाले, खाजगी जागेत आम्ही काय करणार. दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, आम्ही डासांची धुरी करतो, पाहिजे तर ती करू. तिथे एका भल्या डॉक्टरने त्याचे हात नीट तपासले, ताप आला का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर खेदाने म्हणाला, "मग रिपोर्टात काय लिहू?" मी सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या मुकादमाचा आवाज लगेच ओळखला.

शेवटी मालकाने एक माणूस बोलावून औषध मारून घेतलं. मी पोराला बजावलं की पुढे दोन दिवस तिथे पाऊल टाकायचं नाही. हे म्हातारपणाचं भित्रेपण नव्हे. ढेकणांसाठी केलेल्या विषारी धुरीने बंद खोलीत माणसं दगावल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत आपल्या शहरांतून आल्या आहेत. शेतातलं जहाल औषध, धान्याच्या कोठारातली गोळी, जे मिळेल ते कुणीही कुठल्याही खोलीत वापरतो. झोपेचं खातं नसल्यामुळे प्रत्येक जण आपापलं खातं चालवतो.

ढेकूण तेवढ्यानेही गेले नाहीत. तेव्हा मालकाने मोठ्या मनाने त्या खोलीतल्या तिन्ही गाद्या बदलल्या. जुन्या गाद्या रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या पेटीला टेकवून ठेवल्या. मी त्या दिवशी पोराला भेटायला गेलो होतो. बस मिळेना म्हणून तिथेच उभा राहिलो. समोर वीस-बावीस मजल्यांच्या इमारतीचं काम चाललं होतं आणि तिच्या पायथ्याशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. बांधकाम मजुरांना मालकाने राहायला जागा फुकट द्यावी, तिथे स्वयंपाकाची, अंघोळीची, संडासाची सोय असावी, असं १९९६ च्या कायद्यात लिहिलं होतं. गादीबद्दल काही नव्हतं. संध्याकाळी काम सुटल्यावर एक तरुण जोडपं आलं. त्यांनी गाद्या दाबून पाहिल्या, आपसात काही ठरवलं, आणि त्यातली सर्वांत जाड गादी नवऱ्याने डोक्यावर घेतली. बायको मागून तिचा लोंबणारा कोपरा धरून चालली होती. त्या कोपऱ्यावर काळ्या शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, खोली ३०४, खाट २.